कीकॅप बदलायच्यात: पीबीटी, देवनागरी अक्षरं आणि प्रोफाइल यांतलं काय बघून घ्यावं?

डीटीपी_सातरस्ता

डीटीपीच्या कामाचे तीन मेकॅनिकल कीबोर्ड आहेत. तिन्ही ८७ कीचे, लाल लिनियर (टिक न देता सरळ खाली जाणारे) स्विच, हॉटस्वॅप (डाग न देता स्विच काढता-घालता येतात). बोर्ड ठणठणीत आहेत, पण सोबत आलेल्या कीकॅप (कीवरच्या प्लास्टिकच्या टोप्या) तुळतुळीत झाल्यात आणि ई, डी, एस, एफ यांच्यावरची अक्षरं जवळपास गेलीत. सगळं काम इनस्क्रिप्टवर (देवनागरीचा प्रमाण लेआउट), रोज आठ-नऊ तास. नव्या कीकॅप मागवायच्या आहेत. विचारायचं ते असं:

खोक्यावर पीबीटी (कीकॅपचं एक कडक प्लास्टिक) लिहिलं की चकाकी येणार नाही, असं धरून चालावं का? देवनागरी अक्षरं छापलेला सेट घ्यावा की इंग्रजी घेऊन स्टिकर लावावेत? आणि चेरी, ओईएम, एक्सडीए या प्रोफाइलांतलं (म्हणजे कॅपची उंची आणि उतार) दिवसभराच्या टायपिंगला बरं कोणतं?

बजेट एका बोर्डाला दोन हजारांपर्यंत.

भुईकोट८७

पहिल्याचं उत्तर: नाही. पीबीटीलाही चकाकी येते, फक्त बरीच उशिरा.

एबीएस हे कीकॅपचं दुसरं नेहमीचं प्लास्टिक, ते मऊ आहे. बोटांच्या घर्षणाने त्याच्या पृष्ठभागावरचे बारीक दाणे घासून सपाट होतात, म्हणून ते चमकतं. तेलकटपणा आणि झीज यांत लोक गल्लत करतात. साबणाने धुतल्यावर चकाकी गेली तर ते तेल होतं, राहिली तर ती झीज आहे आणि मूळचा खरखरीतपणा कशानेही परत येणार नाही. पीबीटी जास्त कडक, घर्षणाला आणि बहुतेक द्रावणांना जास्त टिकणारं. त्यावर खरखरीतपणा असतो तो साच्यातून आलेला. त्यामुळे दोन कंपन्यांच्या पीबीटीचा स्पर्श सारखा नसतो. एकाचा बारीक पॉलिश पेपरसारखा, दुसऱ्याचा जवळपास गुळगुळीत. 'पीबीटी' या शब्दावरून स्पर्श कळत नाही.

पीबीटीची अडचण वेगळीच आहे. साच्यातून निघून थंड होताना ते एबीएसपेक्षा खूप जास्त आकसतं. एबीएस अर्धा टक्का आकसत असेल तर पीबीटी दीड-दोन टक्के. छोट्या कीवर फरक कळत नाही, पण स्पेसबारसारखा लांब तुकडा असमान आकसून धनुष्यासारखा वाकतो. स्वस्त पीबीटी सेटची परीक्षा स्पेसबारवरच होते.

आणि महाग म्हणजे पीबीटी असंही नाही. जर्मनीच्या जीएमकेचे सेट दहा हजारांच्या पुढे जातात आणि ते एबीएसच आहेत. तिथे पैसे रंगांचे, डबलशॉट (वेगळ्या प्लास्टिकच्या) अक्षरांच्या धारदारपणाचे आणि जाड भिंतींचे.

शेंगाचटणी

> खोक्यावर पीबीटी लिहिलं की

खोक्यावर विश्वास ठेवू नका, मिठाच्या पाण्यात टाकून बघा. एबीएसची घनता साधारण १.०५, पीबीटीची १.३. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात म्हणून मीठ लागतं. १०० मिली पाण्यात ३० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा, द्रावणाची घनता १.१७ च्या आसपास जाते. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, नाहीतर कॅपच्या पोटात हवेचा बुडबुडा अडकतो आणि पीबीटीही तरंगल्यासारखं दिसतं. कॅप उलटी धरून पाण्याखाली नेऊन मगच सोडा.

तरंगली तर एबीएस, तळाशी गेली तर बहुधा पीबीटी. मध्येच घुटमळली तर दोन प्लास्टिकचं मिश्र डबलशॉट. लाइट आरपार जाणाऱ्या अक्षरांच्या सेटमध्ये बाहेरचं पीबीटी आणि आतलं पारदर्शक एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट असतं, त्यात असं होतं. झाल्यावर साध्या पाण्याने धुवा.

अॅसिटोनची चाचणी सांगणारे भेटतील. त्यात एबीएस विरघळतं, म्हणजे कळेपर्यंत कॅप गेलेली असते.

जुळे_सोलापूर

+१ मीठ-पाण्याला.

ई, डी, एस, एफचीच अक्षरं का गेली याचं कारण इनस्क्रिप्टमध्येच आहे. ई वर काना, डी वर पाय मोडायचं चिन्ह, एस वर एक मात्रा, एफ वर पहिली वेलांटी. डावा हात बहुतेक स्वरचिन्हांचा, आणि मराठी मजकुरात काना सगळ्यात जास्त. उजवीकडे जे, के, एल वर र, क, त आणि खाली सी, व्ही वर म, न. आधी जाणार त्याच कॅप. इंग्रजी टायपिंगवर बेतलेले 'टिकाऊपणा'चे अनुभव वाचताना हे ध्यानात घ्या, तुमची झीज वेगळ्या ठिकाणी होते.

म्हणून छपाईचा प्रकार तुमच्यासाठी मटेरियलपेक्षा महत्त्वाचा.

पॅड प्रिंट: अक्षर वर बसवलेली शाई. नख लावलं तर उंचवटा लागतो. सध्या तुमच्याकडे बहुधा हेच आहे.

लेझर: काळ्या कॅपचा वरचा थर जाळून अक्षर उमटवतात. पुसलं जात नाही, पण कडा बोटाला लागतात आणि खाचेत मळ बसतो.

डाय-सब (डाय सब्लिमेशन): उष्णतेने रंग प्लास्टिकच्या आत शिरतो. बोटाला काही लागत नाही, आणि कॅप झिजली तरी अक्षर राहतं. यात प्लास्टिक फिकं आणि अक्षर गडद असावं लागतं, कारण रंग फक्त गडद करू शकतो. गडद कॅपवर फिकं अक्षर हवं तर उलटं डाय-सब, म्हणजे अक्षर सोडून बाकी सगळं रंगवायचं. ते महाग पडतं.

डबलशॉट: अक्षर वेगळ्या रंगाच्या प्लास्टिकचं, कॅपच्या जाडीतून आलेलं. पुसलं जाण्याचा प्रश्नच नाही.

डीटीपी_सातरस्ता

मग देवनागरी डबलशॉट का दिसत नाही कुठे?

जुळे_सोलापूर

साच्याच्या खर्चामुळे. डबलशॉटमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतंत्र साचा लागतो, डाय-सबमध्ये नुसती छपाईची फाइल बदलते. हजारो सेट खपणार असतील तरच साचा परवडतो.

दुसरी अडचण अक्षरांच्या घडणीची. बंद पोट असलेल्या अक्षरात, जसं इंग्रजी ओ किंवा आपलं व, ब, ष, मधल्या बेटापर्यंत प्लास्टिक वाहून न्यावं लागतं. चांगल्या साच्यात ती वाट आतून काढतात. स्वस्त सेटमध्ये अक्षरालाच फट ठेवतात, म्हणून त्यातला ए, बी, ओ तुटका दिसतो. देवनागरीत बंद पोटं भरपूर, शिवाय एका कीवर दोन देवनागरी आणि एक इंग्रजी चिन्ह. तेवढ्या जागेत ते बसवणं कठीण.

डाय-सबमध्ये देवनागरी जमतं, पण फॉन्ट बघून घ्या. रंग प्लास्टिकमध्ये जाताना किंचित पसरतो. बारीक फॉन्टमध्ये क्ष, ज्ञ, ऋ यांचं पोट भरून काळा ठिपका होतो. विक्रेत्याकडून के, एम आणि ७ या कीचे जवळून काढलेले फोटो मागवा. ७ वर शिफ्टने क्ष येतं, तेच सगळ्यात आधी बिघडतं.

हुरडा_पार्टी

नवी पेठेत मगवर फोटो छापून देणारे आहेत. त्यांच्याकडेही सब्लिमेशनच असतं ना? पांढऱ्या पीबीटी कॅप नेऊन दिल्या तर इनस्क्रिप्ट छापून देतील का? बघा, स्वस्तात होईल काम.

भुईकोट८७

तत्त्व तेच, काम होणार नाही. मगला १८० ते २०० अंश आणि भरपूर दाब लागतो. पीबीटी वितळतं सुमारे २२३ अंशाला, म्हणजे २०० ला ते वितळलेलं नसतं पण चांगलंच मऊ झालेलं असतं. कारखान्यात कॅपच्या पोटात नेमक्या आकाराचा धातूचा आधार घालतात, म्हणून ती चेपत नाही. मगच्या दुकानात तो आधार नसतो. वरचा भाग बसेल आणि स्टेमचं, म्हणजे स्विचवर बसायचं, भोक वेडंवाकडं होईल. शिवाय कॅपचा माथा खोलगट असतो, सपाट प्रेसची पट्टी कडांना टेकते आणि मध्ये रंगच जात नाही.

चुकून एबीएस कॅप दिली तर विचारू नका, ते १०५ अंशाच्या आसपासच मऊ पडतं.

सिद्धेश्वर_तळं

स्टिकरबद्दल: सोलापुरात घेऊ नका. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, पत्र्याखालच्या दुकानात त्याहून जास्त. गोंद मऊ पडून स्टिकर सरकतो, कडेने चिकट रेघ बाहेर येते आणि त्यावर धूळ बसते. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला तर यंत्रमागाचे सुताचे तंतू हवेतच असतात, ते त्या रेघेला असे धरतात की प्रत्येक कीला काळी किनार. शिवाय स्टिकरने खरखरीत पीबीटी झाकली जाते, मग पीबीटीचे पैसे कशाला दिले?

लावलेलेच असतील तर काढताना खोबरेल तेल दहा मिनिटं, मग लाकडी काडीने खरवडणं, मग साबण. थिनर, पेट्रोल, अॅसिटोन नको.

शेंगाचटणी

देवनागरी हवीच असेल तर पुढच्या बाजूला छापलेली बघा. म्हणजे माथ्यावर इंग्रजी आणि बसणाऱ्याकडे तोंड असलेल्या उभ्या भिंतीवर देवनागरी. तिथे बोट लागत नाही, त्यामुळे छपाई साधी असली तरी टिकते. नवशिक्याला खुर्चीत बसून ती दिसते. फक्त प्रोफाइल फार बुटकं नको, डीएसए या बुटक्या प्रोफाइलची भिंत जेमतेम साडेसात मिमी उंच आणि तिरकी.

आणि जे आठ तास इनस्क्रिप्ट मारतात त्यांना अक्षरं लागतातच कशाला, हा माझा जुना प्रश्न आहे. ऋ आणि ऱ साठी कागद चिकटवा मॉनिटरला.

कीबोर्ड_दुरुस्ती_होटगीरोड

अक्षरं लागतात. एका बोर्डावर तीन माणसं बसतात त्या दुकानात कागद पुरत नाही.

प्रोफाइलवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण हाताला जाणवणारा सर्वांत मोठा फरक तोच. मटेरियल नंतर.

ओईएम: तुमच्या बोर्डासोबत आलेलं बहुधा हेच. सर्वांत उंच ओळ १२ मिमीच्या आसपास, ओळीगणिक उतार वेगळा.

चेरी: तसाच उतार, पण बुटकं. सर्वांत उंच ओळ साडेनऊ मिमीच्या आसपास. मनगट कमी उचलावं लागतं. दिवसभराच्या कामाला माझं मत यालाच.

एसए: साडेसोळा मिमीपर्यंत उंच, माथा वाटीसारखा. आवाज भरदार, पण हाताखाली मनगट टेकायला उंच पट्टी नसेल तर दुखणं ठरलेलं.

एक्सडीए आणि डीएसए: सगळ्या ओळी एका उंचीच्या. कॅप कुठेही बसते, म्हणून कमी खर्चात वेगवेगळ्या भाषांचे सेट यातच जास्त निघतात, देवनागरीसुद्धा. पण न बघता टाइप करणाऱ्याला ओळ बदलल्याचं बोटाला कळत नाही. एक्सडीएचा माथा रुंद, त्यामुळे शेजारच्या कीला बोट लागण्याचं प्रमाण सुरुवातीला वाढतं.

टायपिंग इन्स्टिट्यूटमधून आलेल्या माणसासाठी आणखी एक गोष्ट बघा: एफ आणि जे वरची खूण. ती आडवी पट्टी, ठिपका किंवा जास्त खोल खळगा अशी असते. पट्टी घ्या. काही एक्सडीए सेटमध्ये खूण इतकी बारीक असते की बोट शोधत राहतं.

कीबोर्ड_दुरुस्ती_होटगीरोड

वरच्यात राहिलं. चेरी प्रोफाइल मागवण्याआधी एक कॅप काढून स्विचमधली एलईडीची खिडकी बघा. खिडकी आकड्यांच्या ओळीकडे असेल तर उत्तरमुखी, स्पेसबारकडे असेल तर दक्षिणमुखी. उत्तरमुखी बोर्डावर चेरी प्रोफाइलची ए-एस-डी-एफची ओळ पूर्ण खाली जाताना कॅपची आतली कड स्विचच्या वरच्या कवचावर आपटते. की चालते, पण त्या एका ओळीचा आवाज पातळ आणि स्पर्श कडक येतो. लोक स्विच खराब समजून बदलतात.

हॉटस्वॅप असेल तर उपाय लांब दांड्याचे स्विच, जे ४ मिमीऐवजी साडेतीनच्या आसपास थांबतात. नाहीतर ओईएम प्रोफाइलच ठेवा.

उलट बाजू: दक्षिणमुखी बोर्डावर आरपार अक्षरांचे सेट अंधुक दिसतात, कारण अक्षर वरच्या कडेला आणि लाइट खालच्या.

डीटीपी_सातरस्ता

खिडकी आकड्यांकडे आहे तिन्ही बोर्डांत. म्हणजे ओईएम?

लाइट बंदच असतात, त्याचं काही नाही. बाकी मापांचं कसं बघायचं? जाहिरातीत '१०४ की' एवढंच लिहिलेलं असतं.

भुईकोट८७

ओईएम किंवा ओईएमच्या उंचीचं दुसरं काही. हो.

मापं अशी: एका कीपासून दुसरीचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत १९.०५ मिमी, त्याला १ यु म्हणतात. खालची ओळ पट्टीने मोजा. प्रमाण मांडणीत डावीकडे तीन की १.२५ युच्या, स्पेसबार ६.२५ यु, उजवीकडे चार की १.२५ युच्या. बेरीज १५ यु. १.२५ युची कॅप २३ मिमीच्या आसपास भरते, १ युची १८. स्पेसबार ११८ मिमीच्या आसपास असेल तर ६.२५ यु. काही गेमिंग बोर्डांवर तो ६ किंवा ६.५ असतो, मग बाजारातले निम्मे सेट बाद.

बाकी ८७ कीच्या बोर्डाला बॅकस्पेस २ यु, टॅब १.५, कॅप्सलॉक १.७५, एंटर २.२५, डावी शिफ्ट २.२५, उजवी २.७५. ६५ टक्क्यांच्या छोट्या बोर्डांवर उजवी शिफ्ट १.७५ युची लागते आणि ती प्रत्येक सेटमध्ये नसते. तुम्हाला ती अडचण नाही.

स्टेम क्रॉसचं हवं, साधारण ४ मिमीचा अधिक चिन्हाचा आकार. लो-प्रोफाइल चॉक स्विचच्या पहिल्या आवृत्तीला दोन पायांची कॅप लागते, त्यावर हे बसत नाही.

जाडी विचारा. साधे सेट १ मिमीच्या आसपास, चांगले १.४ ते १.५. जाड भिंतीने आवाज खालच्या पट्टीत येतो आणि पोकळ खडखड कमी होते. विक्रेता सांगत नसेल तर सेटचं वजन विचारा, जाड सेट हातात घेताच कळतो.

सिद्धेश्वर_तळं

सेट आला की त्याच दिवशी तपासायच्या गोष्टी, कारण परत करायची मुदत थोडी असते:

स्पेसबार काचेवर ठेवा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा. मध्यभागी किंवा टोकांना प्रकाशाची फट दिसली तर वाकलेला आहे. पोस्टकार्ड आत सरकलं तर परत करा. त्याहून कमी असेल तर घरी सरळ होतो: उकळून गॅस बंद केलेल्या पाण्यात दोन मिनिटं, बाहेर काढून लगेच काचेवर सरळ दाबून वर वजन, पूर्ण थंड होईपर्यंत हलवायचं नाही. हे पीबीटीसाठी. रंगाचा थर दिलेल्या कॅपला करू नका.

मग स्टेम. स्पेसबारची बाजूची दोन भोकं सरळ उभी आहेत का बघा. ६.२५ युला ती एकमेकांपासून १०० मिमीवर असतात. एक तिरकं असेल तर की दाबल्यावर उशिरा वर येते आणि दोष स्टॅबिलायझरला (लांब की सरळ खाली नेणारी तारेची जोड) जातो.

सगळ्या कॅप बसवताना काही फार घट्ट लागतील. जोर लावू नका. काही जुन्या बॉक्स प्रकारच्या स्विचचं स्टेम किंचित जाड असे, त्याने कॅपचं भोक कायमचं फाकायचं किंवा तडा जायचा. सैल असेल तर भाजीच्या पातळ पिशवीचा १ सेंमीचा तुकडा स्टेमवर ठेवून कॅप बसवा, कडा कात्रीने कापा.

हुरडा_पार्टी

काढताना तारेचा पुलर वापरा, प्लास्टिकच्या गोल पुलरने कडेवर ओरखडे येतात. आणि काढण्याआधी फोटो.

शेंगाचटणी

स्पेसबार, एंटर, शिफ्ट मध्याला धरून ओढू नका. दोन्ही टोकं आळीपाळीने थोडी थोडी उचलायची, नाहीतर स्टॅबिलायझरची तार क्लिपमधून सुटते.

स्पेसबार खडखडत असेल तर आधी तारेच्या दोन्ही टोकांना जाडसर डायइलेक्ट्रिक ग्रीस. त्यानंतरही पोकळ आवाज राहिला तर स्पेसबारच्या पोटात ३ मिमी फोमची पट्टी, स्टेमपासून ५ मिमी दूर. जाड फोम घातला तर की तळापर्यंत जातच नाही.

कीबोर्ड_दुरुस्ती_होटगीरोड

धुण्याचं सांगून ठेवतो, कारण इथल्या पाण्याने लोक कॅप खराब करतात.

१ लिटर कोमट पाणी, हाताला सोसेल इतपत, ४० अंश. एक छोटा चमचा भांड्यांचं लिक्विड. अर्धा तास भिजू द्या, मऊ टूथब्रशने माथा आणि कडा, दोनदा खळखळून धुवा. शेवटचं पाणी आरओचं घ्या. बोअरचं जड पाणी वाळलं की काळ्या कॅपवर पांढरे डाग आणि स्टेमच्या भोकात क्षाराची पूड राहते, ती पुढे स्विचमध्ये पडते.

वाळवायला पातळ पंचा, त्यावर कॅप माथा वर ठेवून, सावलीत, पंख्याखाली, चोवीस तास. स्टेमच्या अरुंद भोकात पाणी धरून राहतं, म्हणून वरून कोरडी दिसली तरी घाई नको. आपला सोलापुरी टर्किश टॉवेल कितीही चांगला असला तरी या कामाला नाही, त्याचे तंतू भोकात अडकतात. उन्हात तर मुळीच नको. एबीएस ऊन खाऊन पिवळं पडतं, पांढरं आणि राखाडी आधी. पीबीटी त्या मानाने रंग धरून राहतं.

रोजची पुसापुशी आयसोप्रोपिलने करत असाल तर कापड ओलसर करून पुसा, एबीएस त्यात बुडवून ठेवू नका. पॅड प्रिंटच्या अक्षरांवर तेही नको.

डीटीपी_सातरस्ता

खालची ओळ मोजली. तिन्ही बोर्डांवर १.२५ च्या सात आणि स्पेसबार ११८ मिमी. ओईएम, डाय-सब पीबीटी, १.४ मिमी, माथ्यावर इंग्रजी आणि पुढच्या भिंतीवर देवनागरी असा एक सेट साडेअठराशेला मिळतोय. फिकट राखाडीवर काळी अक्षरं. आधी एकच मागवतो. ७ चा फोटो मागवला, क्षचं पोट उघडं दिसतंय.

एवढंच विचारायचं की त्यात रुपयाचं चिन्ह ४ वर नाही, फक्त डॉलर आहे. चालेल ना?

जुळे_सोलापूर

छापलेलं असो नसो, मराठी लेआउटमध्ये उजवा ऑल्ट आणि ४ ला ₹ येतंच. ळ मात्र एन वर शिफ्टला छापलाय का ते बघा. हिंदीवरून उचललेल्या फाइलमध्ये कधी कधी तो गाळलेला असतो.

डीटीपी_सातरस्ता

ळ आहे. ऱ नाही.

शेंगाचटणी

जे वर शिफ्ट. कागद चिकटवा मॉनिटरला.